वजन उतरलं, जीभ बदलली. भूक मात्र वाढली

वजन कमी झाल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आता तुला गोड नकोसंच वाटत असेल ना?" विचारणारे कौतुकानेच विचारतात. त्यांना "हो" ऐकायचं असतं, कारण तसं झालं तर पुढचं सगळं सोपं असणार असं त्यांना वाटतं. खरं उत्तर जरा लांब आहे. उभ्या उभ्या लग्नाच्या हॉलमध्ये देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

जीभ बदलते. खूप बदलते. पण जिभेची आवड आणि पोटाची भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वजन उतरल्यावर त्या चक्क उलट दिशांना जातात. हे न कळल्यामुळे वजन उतरवलेल्या माणसांवर आपण फार अन्याय करतो, असं माझं ठाम मत झालंय.

आधी जिभेचं सांगते, कारण तो भाग आनंदाचा आहे.

चहात मी दोन चमचे साखर घ्यायचे. रक्तदाब आणि साखर दोन्ही काठावर आले तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्यात आधी चहावर बोट ठेवलं. दीड, एक, अर्धा असं करत साखर बंद झाली. सुरुवातीचे आठवडे चहा म्हणजे नुसतं तुरट पाणी वाटायचं. मग कधीतरी लक्षात आलं की आल्याचा झणका वेगळा कळतोय, चहापत्तीला स्वतःचा वास आहे आणि दुधाला तर मुळातच गोडवा आहे. आता बाहेरचा अमृततुल्य चहा दोन घोटांच्या पुढे जात नाही. डब्यातलं श्रीखंड खाल्लं तर पहिल्यांदा साखर लागते, मग वेलची, आणि चक्क्याचा आंबटपणा शोधावा लागतो. मी घरी चक्का बांधते, निम्मी साखर घालते आणि जायफळ जरा सढळ हाताने किसते. घरातल्या सगळ्यांना आता तेच आवडतं.

मी मूळची सोलापूरची. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी यांच्यावर वाढलेली. पण ज्वारीच्या भाकरीची चव मला खऱ्या अर्थाने कळली ती आत्ता, चाळिशी उलटल्यावर. पूर्वी भाकरी म्हणजे झणझणीत कालवण उचलायचं साधन होतं. चव असायची ती कालवणाची, तर्रीची, मिठाची. आता मी भाकरीचा पहिला तुकडा कोरडा खाते. सावकाश चावलं की तोंडातच गोड लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून त्याची माल्टोज नावाची साखर बनवतं, तोच हा गोडवा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे तिची भाकरी रोज व्हायची, पण चव घ्यायला आम्ही थांबतच नव्हतो. वर खाली मिठाचा आणि तिखटाचा एवढा गजर असायचा की ज्वारीचं म्हणणं ऐकूच यायचं नाही.

असंच लाल भोपळ्याचं, गाजराचं, कांदा नीट परतल्यावर येणाऱ्या गोडीचं. कारल्याचा मी लहानपणापासून तिरस्कार केला, आता चिंच-गूळ कमी घातलेलं कारलंसुद्धा आवडीने खाते. उलट फरसाण, बाजारातला पापड, लोणच्याचा खार हे तोंडात टाकल्याबरोबर खारट म्हणून अंगावर येतं. वडापाव खाल्ला तर बटाट्याआधी तेल कळतं, ते टाळूला चिकटून राहतं.

हे मनाचे खेळ नाहीत. फिलाडेल्फियात मोनेल नावाची चव आणि गंधावर काम करणारी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही तरुणांना पाच महिने कमी मिठाचं जेवण दिलं. काळ सरला तसं त्यांना कमी मिठाचं सूप आणि कमी मिठाची बिस्किटंच आवडायला लागली. आधीची पातळी त्यांना जास्त वाटू लागली. म्हणजे मिठाची आवड सवयीने वर चढते तशी खालीही उतरते, फक्त आठवडे-महिने द्यावे लागतात. आहारतज्ज्ञ बाई मला "तीन महिने थांबा" म्हणायच्या, त्याचा अर्थ नंतर कळला.

साखरेचं थोडं वेगळं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात लोकांनी तीन महिने साखर चाळीस टक्क्यांनी कमी केली. त्यांना तेच पुडिंग आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. पण किती गोड आवडतं, ही पातळी फारशी हलली नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझा अनुभव तंतोतंत हाच होता. गोड जास्त जाणवतं, लवकर पुरे होतं, पण नकोसं झालेलं नाही. होळीला आईने तव्यावरून उतरवलेली पुरणपोळी, वर तुपाची धार, शेजारी कटाची आमटी. हे आजही समोर आलं की मी पूर्वीइतकीच हरखते. ते जावं अशी माझी इच्छाही नाही.

वजनाचा स्वतःचा काही परिणाम जिभेवर होतो का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात लठ्ठ झालेल्या उंदरांच्या जिभेवरच्या रुचिकलिका सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. चरबीमुळे शरीरात जी सततची सूज राहते ती रुचिकलिकांच्या पेशींना भोवते, असा त्याचा अर्थ लावला गेला. चवीच्या पेशी एरवी दहा-बारा दिवसांत नव्या होत असतात. माणसात चित्र इतकं सरळ नाही, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर माझी जीभ बदलली ती ताटातलं बदलल्यामुळे, असंच मला वाटतं. ज्यांची पोटाची शस्त्रक्रिया झालीय त्यांची गोष्ट वेगळी. त्यातल्या अनेकांना गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर असा त्रास होतो आणि शरीर स्वतःच गोडापासून दूर पळायला शिकतं.

आता भुकेकडे येते.

साधारण अठरा किलो उतरल्यावर मला वाटलं होतं की पोट आता थोडक्यात भरेल. झालं उलट. विशिष्ट पदार्थांची वखवख कमी झाली हे खरं. चार वाजता खारी हवीच, रात्री काहीतरी चॉकलेट हवंच, हे गेलं. दीर्घकाळ कमी खाणाऱ्यांची अशी वखवख उतरते, हे अभ्यासांतही दिसलंय. पण साधी, सरळ, पोटातली भूक वाढली. जेवून उठल्यावर दोन तासांत पुन्हा. रात्री मोबाइलवर मी पाककृतींचे व्हिडिओ बघत बसायचे, जे पदार्थ मी करणारही नव्हते त्यांचेसुद्धा. मला वाटायचं, हे फक्त माझंच आहे.

मग वाचायला लागले. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, ते मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे. हे १९९४ मध्ये कळलं. चरबी कमी झाली की लेप्टिन कमी होतं आणि मेंदू समजतो दुष्काळ पडला. जठरातून येणारं घ्रेलिन, जे भूक जागी करतं, ते १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. आहाराने वजन उतरवलं की ते वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वजन उतरल्यावर वर्ष लोटलं तरी ही संप्रेरकं मूळ जागेवर आलेली नव्हती आणि लोकांची भूकही वाढलेलीच होती. वर्ष!

अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ चा एक अंदाज तर मी अनेकांना वाचून दाखवलाय. मधुमेहाच्या एका औषधाने साखर लघवीवाटे बाहेर जाते आणि माणसाचं वजन नकळत उतरतं. तशा लोकांच्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब मांडला. दर एक किलो वजन उतरलं की शरीर दिवसाला साधारण वीस ते तीस कॅलरी कमी खर्च करतं, पण भूक मात्र दिवसाला सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. शंभर कॅलरी म्हणजे साधारण एक पोळी. दहा किलो उतरवलेल्या माणसाचं शरीर रोज दहा पोळ्या जादा मागत असतं, आणि तो माणूस रोज नाही म्हणत असतो. दिवाळीत, गणपतीत, बाळंतविड्याच्या दिवशी, ऑफिसातल्या वाढदिवसाला. कुणाला दिसत नाही.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटात अॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला होता. महायुद्धानंतर उपाशी लोकांना कसं सावरायचं, हे शिकण्यासाठी. त्या मुलांचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटलं. ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, दिवसरात्र खाण्याबद्दल बोलायची. हे वाचलं त्या रात्री माझ्या व्हिडिओंचं मला वाईट वाटणं बंद झालं. त्यांचे हाल माझ्यापेक्षा कितीतरी मोठे होते, पण मेंदू एकाच तऱ्हेने वागतो.

म्हणून मला राग येतो तो "निग्रह कमी पडला" या वाक्याचा. माझ्या एका आत्याने पन्नाशीत वजन उतरवलं होतं, सगळ्या नात्यात तिचं उदाहरण दिलं जायचं. चार-पाच वर्षांत ते परत आलं. त्यानंतर प्रत्येक कार्यात कुणीतरी तिच्या ताटाकडे बघून बोलतं. ती आता कार्याला यायचं टाळते. ज्या बाईने इतकी वर्षं शरीराशी झुंज दिली तिला आपण आळशी ठरवतो! आणि ती वजन उतरवत असताना हेच लोक तिला "एक घास माझ्यासाठी" म्हणून बासुंदीची वाटी पुढे करत होते.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी घराघरांत डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवणं आणि ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, वेळच्या वेळी खाणं यावरून वाद रंगले. जेवणाबद्दल एवढं मोकळेपणाने बोललं गेलं याचा मला आनंदच आहे. पण आमच्या घरातल्या त्या सगळ्या वादांत वजन उतरल्यानंतरच्या भुकेचा विषय एकदाही निघाला नाही. उतरवायचं कसं याची शंभर उत्तरं मिळतात. उतरल्यावर शरीर काय करेल, हे पहिल्या भेटीत सांगितलं पाहिजे. ऑपरेशनच्या आधी रुग्णाला पुढचे परिणाम सांगतात, तसंच.

२०२५ मध्ये आपल्याकडे मौंजारो आणि वेगोव्ही ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं आली. माझी एक मैत्रीण डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेते. ती म्हणाली, "डोक्यात सतत खाण्याचा जो गलका चालू असायचा तो थांबला. तुम्ही बाकीचे असेच जगत होतात का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इंजेक्शन घेणं म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यांनी तिचं हे वाक्य ऐकावं. वेगोव्हीमधल्या सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं. यावरून भूक किती खोलवरची गोष्ट आहे हे कळतं. ते घ्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा आणि डॉक्टरांचा प्रश्न.

मला ज्याचा उपयोग झाला ते थोडक्यात सांगते. जेवणात आधी उसळ किंवा पिठलं, मग भाकरी, भात शेवटी. दुपारी ताक. झोप सांभाळणं, कारण शिकागोत २००४ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात दोन रात्री चार-चार तास झोपलेल्या तरुणांचं लेप्टिन घटलं, घ्रेलिन वाढलं आणि भूकही वाढली. आणि सणाच्या दिवशी पुरणपोळी मोजून नाही, मनापासून. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी माझं ऐकू नये, आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

ज्यांनी वजन उतरवलंय त्यांनी खाली लिहा, तुमच्या जिभेवर काय बदललं आणि काय अजिबात बदललं नाही. आणि ज्यांचं वजन परत आलंय त्यांनी तर नक्की लिहा. तुमचे फोटो कुणी टाकत नाही, तुम्हाला कुणी विचारत नाही, पण मला तुमच्याकडून ऐकायचंय. खाली कुणी तुम्हाला निग्रहाचे धडे द्यायला आलं, तर त्यांना उत्तर मी देईन.