स्प्रिंगा आवळून सूर टिकत नाही, दादा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. स्ट्रॅटचा, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा, ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो धातूचा भाग) बॉडीला न टेकवता तरंगता ठेवा असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते कोकणातल्या खाऱ्या हवेत चालत नाही, असं तुमचं म्हणणं. पाचही स्प्रिंगा लावून ब्रिज बॉडीला टेकवावा, स्क्रूंपाशी खोबरेलाचा थेंब सोडावा आणि पोरांना भलत्या नादी लावू नये, असंही तुम्ही लिहिलंत. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या माणसाचं हे मत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. तरंगत्या ब्रिजमध्ये पुढून सहा तारांची ओढ आणि मागून स्प्रिंगांची ओढ एकमेकींना तोलून धरतात. एक तार तुटली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. गणपतीत मंडपात एकच गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्याला हे परवडत नाही. मूळ लेखात हे यायलाच हवं होतं, राहून गेलं, चूक माझी. अशा वादकाने ब्रिज टेकवूनच ठेवावा. ब्रिजला लावलेली सूर हलवायची दांडी फक्त खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही, तेवढं सोडावं लागतं.

पण सूर न टिकण्याचं खापर तुम्ही तरंगत्या ब्रिजवर फोडता, ते मला मान्य नाही. सूर जातो तो बहुतेक वेळा तार किंवा ब्रिज कुठेतरी अडकल्यामुळे. गेल्या पावसाळ्यात मालवणातल्या एका मुलाची गिटार माझ्याकडे आली. पाच स्प्रिंगा, पंजाचे (स्प्रिंगा मागे जिथे अडकतात त्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू घट्ट आवळलेले, ब्रिज बॉडीला चिकटलेला. तरीही दांडी दाबून सोडली की तिसरी तार चढलेली. मग तीच तार बोटाने आडवी ताणून (बेंड करून) सोडली की सूर जागेवर! ट्यून करताना नटपाशी (मानेच्या टोकाला तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी) बारीक ‘टिक्’ ऐकू यायचं. तार नटच्या खाचेत अडकत होती. दांडी दाबल्यावर ती खुंटीकडे सरकायची आणि परत येताना तिथेच रुतायची. याला स्प्रिंगा काय करणार? खाच किंचित रुंद केली, त्यात मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं, ‘टिक्’ बंद झालं.

दुसरी अडचण ब्रिज बॉडीला धरून ठेवणाऱ्या पुढच्या सहा स्क्रूंवर होती. खाऱ्या हवेने त्यांच्या मानेला तांबूस गंज चढलेला, आणि ब्रिजच्या प्लेटच्या भोकांच्या कडा त्या खरखरीत जागेवर अडकत होत्या. म्हणून दांडी सोडल्यावर कधी सगळ्याच तारा थोड्या उतरलेल्या असायच्या. एकच तार फिरली तर आधी नट बघा, सगळ्या एकदम फिरल्या तर हे स्क्रू बघा. इथली हवा वाईट आहे हे तुमचं खरंच आहे, पण ती घाव घालते तो इथे.

नवे स्क्रू घातले. सहाही स्क्रू प्लेटच्या वर साधारण दीड मिलिमीटर राहतील इतके सैल केले, मग दोन टोकांचे तेवढे प्लेटला लागेपर्यंत खाली आणले. ब्रिज या दोघांवर झुलतो, मधले चार त्याला सरकू देत नाहीत. नऊच्या तारांना (सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची) तीन स्प्रिंगा पुरल्या. पंजाचे स्क्रू अर्धा फेरा फिरवायचे, पुन्हा ट्यून करायचं, पुन्हा बघायचं. यात घाई केली की सगळं फिस्कटतं. प्लेटच्या मागच्या कडेखाली ३.२ मिलिमीटर अंतर ठेवा, असं फेंडर कंपनीच सांगते. माप नसेल तर चार सपाट एटीएम कार्डं एकावर एक ठेवा, जवळपास तेवढंच भरतं.

लिओ फेंडर यांनी १९५४ साली हा ब्रिज आणला तेव्हा त्याला ‘ट्रेमोलो’ म्हटलं. खरं तर आवाज लहानमोठा होणं म्हणजे ट्रेमोलो, आणि इथे हलतो तो सूर. नाव चुकलं, पण तरंगत्या ब्रिजवर हलक्या हाताने दांडी धरून सूर दोन्हीकडे झुलवला की जो गळा लागतो, तो टेकवलेल्या ब्रिजवर येत नाही. पोरांनी तो निदान एकदा ऐकावा, एवढ्यासाठी मी तो लेख लिहिला.

खोबरेल मात्र नको. धूळ धरतं, चिकट होतं, आणि डिसेंबरातल्या सकाळी बाटलीत गोठतं तसंच स्क्रूवरही गोठतं. मशीनचं पातळ तेल काडीच्या टोकाने, अगदी नावापुरतं लावा. वाजवून झालं की तारा आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) कोरड्या फडक्याने पुसा. पावसात गिटारच्या मानेचं लाकूड दमट होऊन वाक बदलतो, म्हणून मी जूनअखेर आणि ऑक्टोबरात अंतर पुन्हा मोजतो.

तुमच्या गिटारवर आज दांडी दाबून सोडा. एकच तार फिरते की सगळ्या, आणि चढतात की उतरतात, तेवढं कळवा. मग पुढचं बोलू.