मालाचे नाव

आमच्या गाडीतून आजवर जे जे निघालं, त्याची यादी आबांनी पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर करून ठेवली आहे. आबा तलाठी होते, त्यामुळे यादीला रकाने आहेत. स्टेपनी नग १. जॅक नग १. गालिचा तुकडे ४. स्पीकर जोड १. सीट (डावी) नग १. शेवटच्या रकान्याचा मथळा 'सध्या कुठे' असा आहे. त्यात स्टेपनीपुढे 'विहिरीजवळ', गालिच्यापुढे 'मांजर' आणि डाव्या सीटपुढे 'ओटीवर, मी' असं लिहिलं आहे.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. दोन सीटांची, कापडी छपराची, फायबरच्या बॉडीची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साठ घोड्यांची. त्यातले किती घोडे अजून हयात आहेत हे मी मोजायला गेलो नाही. आमच्या वाडीत ही गाडी आली तेव्हा शेजारचे काका तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "बाकीची कधी येणार?" रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे माणूस घर बांधायच्या आधी पत्र्याची शेड घालतो. त्या गावात मी बिनछपराची गाडी आणली, आणि आणल्यावर जाहीर केलं की हिला मी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणार.

सगळा दोष मियाटाचा. माझदाने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही चिमुकली उघडी गाडी मांडली आणि जगभरच्या मध्यमवयीन पुरुषांचं वाटोळं केलं. २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. वजन हजार किलोच्या आत. तिच्या इंजिनिअरांनी एक जपानी शब्द धरला होता, 'जिन्बा इत्ताई'. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. मियाटा आपल्याकडे मिळत नाही, पण तत्त्व फुकट मिळतं. ताकद वाढवायला पैसे लागतात, वजन कमी करायला पाना लागतो. गाडी हलकी झाली की ब्रेक लवकर लागतो, वळणावर टायर कमी रडतात आणि साठ घोडे ऐंशीचं काम करतात. रात्री जेवताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि भाताची वाढणी पुढे केली.

"स्वार किती किलोचा आहे?"

स्वार ९१ किलोचा आहे. मी भात नको म्हणालो. त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेल्यामुळे आई कपाळाला हात लावून ताप बघून गेली.

गाडीचे पहिले वीस-पंचवीस किलो सहज उतरले. मग आल्या डांबरी पट्ट्या. आवाज येऊ नये म्हणून आधीच्या मालकाने तळाला त्या चिकटवल्या होत्या, आणि आता त्या निघेनात. परदेशात यावर ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ठेवतात. तो उणे ७८ अंशांवर असतो, डांबर काचेसारखं कडक होतं, हातोडीने टकटक केली की कपच्या उडतात. ड्राय आइस कुठून आणायचा? पण मिरकरवाडा बंदर हाकेवर, आणि बंदरावर बर्फाला काय तोटा! मी अर्धी लादी आणली. शून्य अंशाच्या बर्फाखाली ते डांबर काचेसारखं झालं नाही. उन्हातून आलेल्या माणसाला कोकम सरबत दिल्यावर तो होतो तसं ते नुसतं ताजंतवानं झालं. बर्फ विरघळला, पाणी कानाकोपऱ्यात गेलं, आणि तेव्हा कळलं की बर्फाचा वरचा थर बांगड्याच्या टोपलीतून आला होता. पुढे आठ दिवस वाडीतली सगळी मांजरं गाडीभोवती गोल करून बसत होती. गाडीकडे इतक्या आदराने दुसऱ्या कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही. पट्ट्या शेवटी उलथण्याने काढल्या. त्या उलथण्याची नोंद आबांच्या यादीत उलट्या दिशेने आहे.

उघडी गाडी ट्रॅकवर न्यायची तर रोल केज हवा. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी पिंजरा. पाइप सीमलेस पाहिजे, जोड असलेला चालत नाही. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा, भिंत अडीच मिलिमीटरची. पाइप मागवला आणि आमच्या फाट्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. हा माणूस गेट, खिडक्यांचे गज आणि शेड करतो. चित्र बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "डिझाइन काय घालू, मोर की कमळ?"

मी डिझाइन नको म्हणालो.

"मग वर भाले तरी लावूया दादा. माकडं बसत नाहीत."

भाल्यांवरून मी त्याला अर्ध्या तासाने खाली आणला. कमान उभी राहिल्यावर तो दोन पावलं मागे गेला, मान तिरकी केली आणि मनापासून म्हणाला, "एवढं केलंच आहे, तर वर पत्रा टाकून देऊ? हिरवा आहे माझ्याकडे." (भाल्यांबाबत त्याचं बरोबर होतं, हे नंतर कळलं. एक वानर रोज सकाळी त्या कमानीवर बसून आमच्याच पोफळीची सुपारी सोलतं.)

मग काठीची परीक्षा. कमानीच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीवर सरळ काठी टेकवायची. हेल्मेट घातलेलं डोकं त्या रेषेच्या दोन इंच खाली राहिलं पाहिजे. काठी म्हणून आंबे काढायची घळ घेतली. एक टोक बायकोने धरलं, दुसरं आबांनी. मी हेल्मेट घालून आत बसलो. काठी हेल्मेटवर टेकली आणि झोपाळ्याच्या फळीसारखी वरखाली हलू लागली.

"चार बोटं वर आहेस," आबा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी जमिनी मोजल्या. चार बोटं म्हणाले म्हणजे चारच. उपाय एकच होता, सीटमधला फोम कापून काढणे. भाकरीच्या सुरीने कापला. आता डोकं रेषेखाली आहे आणि मी थेट पत्र्यावर आहे. फोमपुढे यादीत 'उशी, आबा' अशी नोंद आहे.

ब्रेक ऑइलचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात विनोद नाही, खर्च आहे. डॉट-४ ऑइल कोरडं असेल तर निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल पिऊन बसलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. ट्रॅकवर ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, वाफ होते, आणि पेडल दाबलं की ते पायाखालून जमिनीला जातं. हे शास्त्र कोकणात समजावून सांगावं लागत नाही. आईला म्हटलं, जूनमध्ये मिठाच्या बरणीचं होतं तसंच. तिने ऑइलचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला रबर लावलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिला. मी तो बाहेर काढला. ब्रेकसाठी नाही, तांदळासाठी.

खरा घात फायबरवाल्या चाचांनी केला. बॉडीला समोरून तडा होता. फायबर म्हटल्यावर गॅरेजवाल्यांनी हात वर केले, पण बंदरावर निम्म्या होड्या फायबरच्याच. चाचांनी गाडी बोटांनी वाजवून पाहिली. "इंजिन आतच का? आउटबोर्ड बसलं असतं." मग रेझिन, मॅट आणि हार्डनर घेऊन कामाला लागले. मी बजावलं होतं की एकच थर, वजन वाढता कामा नये. दुपारी जेवून आलो तर तिसरा थर वाळत होता.

"चाचा, तीन?"

"एका थराची होडी मी पोराला पण देणार नाही. लाट बसली की फाटते."

"ट्रॅकवर लाट नसते."

"आज नसेल," चाचा म्हणाले. वर, न सांगता, नाकाच्या दोन्ही बाजूंना झोकदार अक्षरांत 'दर्याराणी' रंगवून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, त्यामुळे पुसूनही टाकता येत नाही.

महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, पण आमच्या कोकणात ट्रॅक नाही. कोइमतूरचा कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळचा ३.७ चा. तिथवर गाडी चालवत न्यायचा प्रश्नच नाही. कंपनीने बनवलेल्या गाडीत मूळ रचना बदलेल असा फेरफार करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत सांगून ठेवलं आहे, आणि माझ्या गाडीत मूळ असं आता आरसेच उरले होते. म्हणून आंब्याच्या पेट्या नेणारा टेम्पो ठरवला. टेम्पोवाल्याने विचारलं, "भाडं पेटीचं लावू की जनावराचं?"

निघण्याआधी वजन करायचं होतं. सहा महिन्यांचं तप होतं ते! जांभ्या चिऱ्याचे ट्रक ज्या काट्यावर जातात, तिथे पहिल्या दिवशी गाडी मोजून पावती जपून ठेवली होती. आता आधी रिकामा टेम्पो, मग गाडी चढवून टेम्पो, असं दोनदा वजन झालं. मी कागदावर वजाबाकी केली. पुन्हा केली. मग आबांनी केली.

गाडी दहा किलोने वाढली होती.

पाइप मीटरला अडीच किलोच्या वर, त्यात चाचांचे तीन थर. गालिचा, स्पीकर, स्टेपनी, माझा सहा महिन्यांचा भात, सगळं त्यात गडप. काट्यावरचा मुलगा खिडकीतून ताडपत्रीखाली वाकून बघत होता. पुढचं नाक तेवढं बाहेर आलं होतं. त्याने यंत्रात काहीतरी टाइप केलं आणि पावती फाडून दिली. मालाचे नाव: होडी.

मी दुरुस्त करून घ्यायला तोंड उघडलं, तर आबांनी माझा दंड धरला.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "होडीत फेरफार केला तर कोर्टाचं काही म्हणणं नाही."

आणि पावती घडी घालून पंचांगात ठेवली.