रंगाचा एक हात मारून चांगला भाडेकरू मिळत नाही

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: फ्लॅट रिकामा झाला की पांढऱ्या रंगाचा एक हात मारा, नळ-वायरिंगला भाडेकरूची तक्रार येईपर्यंत हात लावू नका, सोफा-पलंग टाकून भाडं वाढवा, डिपॉझिट जितकं जास्त तितका माणूस चांगला, आणि ११ महिन्यांचा करार नोटरीकडे केला की पुरे. पुण्या-मुंबईतले कितीतरी घरमालक हे जसंच्या तसं करतात. वर्ष संपायच्या आत घर पुन्हा रिकामं होतं आणि खापर भाडेकरूवर फुटतं. वेळेवर भाडं देणारा आणि दोन-तीन वर्षं टिकणारा माणूस घर निरखून घेतो, कारण त्याला दुसरीकडेही घर मिळत असतं.

‘पांढऱ्या रंगाचा एक हात पुरतो.’ कोरड्या, धड भिंतीवर पुरेल. ओल असलेल्या भिंतीवर तो पहिल्या पावसापर्यंतसुद्धा टिकत नाही. पाणी प्लास्टरमधले क्षार बाहेर आणतं, ते पृष्ठभागाशी साठतात आणि रंगाचा पापुद्रा आतून ढकलतात, हाच लोणा. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. पावसाळ्यात दिसणारा आणि दिवाळीनंतर वाळणारा डाग बाहेरच्या भिंतीतल्या भेगांचा असतो. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर जमिनीपासून फूट-दीड फूट वर चढलेला, उन्हाळ्यातही न वाळणारा डाग बाथरूमचा. शंका असेल तर फुटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतूनच येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतला दमटपणा आहे, खिडकी-एक्झॉस्टचं बघा.

बाथरूमचीच गळती असेल तर ती पाइपची की फरशीची, हेही वेगळं काढता येतं. बाथरूम न वापरता मुख्य कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि डाग सुकायला लागतो का पाहा. लागला तर मग नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं, पाणी साठून राहणारं निचऱ्याचं भांडं) बोळ्याने बंद करून फरशीवर दोन इंच पाणी २४ तास साठवा. तेव्हा डाग पुन्हा वाढला तर दोष फरशीच्या सांध्यांत, ट्रॅपच्या कडेला किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. नाही वाढला तर पाइप तपासा. केवळ सांधे उघडे पडले असतील तर ते खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवणारा, पाणी न शोषणारा मसाला) भरल्याने काम भागतं. वॉटरप्रूफिंगच गेलं असेल तर फरशी उकरण्यावाचून गत्यंतर नाही. गच्चीतून गळत असेल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) तो खर्च सोसायटीचा, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून असेल तर त्या सभासदाचा. पत्र आधी द्या, रंगारी नंतर बोलवा.

पाण्याचं मूळ बंद झालं की पोपडे प्लास्टरपर्यंत खरवडायचे आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात. भिंत वाळू द्यायची आणि मग प्रायमर, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, पुन्हा प्रायमर, धुता येणाऱ्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. ओलीच्या जागी पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) भरू नका, ते भुसभुशीत होतं. भिंतीवर जुना डिस्टेंपर असेल तर हात फिरवून बघा. तळव्याला भुकटी लागली तर तो पूर्ण काढल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. आणि हे काम पावसाळ्यात काढू नये, एवढं तरी पाळावं.

‘नळ-वायरिंगचं तक्रार आली की बघू.’ या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. महिना-दीड महिना बंद राहिलेल्या घराचं दार उघडताच गटाराचा वास येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. त्या साठलेल्या पाण्यानेच ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडतात. घर दाखवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये अर्धी बादली पाणी ओता. घर बराच काळ बंद ठेवायचं असेल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी सावकाश आटतं.

फ्लश टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गेलंय. ते किरकोळ पैशांत बदलतं, पण न बदलल्यास टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत पाणी दिवसरात्र वाहून जातं. प्रत्येक अँगल कॉक (नळाच्या किंवा टाकीच्या जोडाआधीचा छोटा कॉक) एकदा पूर्ण बंद करून उघडा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक जाम होतो आणि नळ बदलायच्या वेळी प्लंबरच्या हातात तुटून येतो.

विजेचं याहून गंभीर. २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपियर ओढतो. तो ६ अँपियरच्या सॉकेटवर लावला की सॉकेट तपकिरी पडतं, मग वितळतं. त्याला १६ अँपियरचं सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) हवी. दीड टनाच्या एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर. डीबीमध्ये (घरातल्या खटक्यांच्या पेटीत) ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) आहे ना, ते बघा आणि तिचं टेस्टचं बटण दाबा. पुरवठा चालू असताना दाबूनही तिने वीज तोडली नाही तर लगेच बदला. शॉक लागल्यावर जीव वाचवते ती ही. एमसीबी त्यासाठी नसतेच.

‘सोफा-पलंग टाका, भाडं वाढेल.’ कंपनीच्या बदलीवर एकट्या आलेल्या माणसासाठी हे खरं आहे. पण टिकून राहणारं कुटुंब आपलं सामान घेऊन येतं. तुमचा पलंग त्यांना अडचणच. त्यांची नजर कपाटांवर, खिडक्यांच्या मच्छर-जाळीवर, सेफ्टी डोअरवर, वॉशिंग मशीनचा नळ-सॉकेट-निचरा एकाच जागी आहे का यावर आणि कपडे कुठे वाळत घालायचे यावर असते. पैसे घालायचेच तर स्वयंपाकघरात घाला. सिंकखालचा कप्पा पार्टिकल बोर्डचा असेल तर पहिल्या गळतीत फुगतो. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं (पाण्यात टिकणारं, मरीन) प्लायवूड किंवा पीव्हीसी बोर्ड वापरा. कडप्प्याची फळी तर कधीच कुजत नाही.

‘जास्त डिपॉझिट देणारा चांगला.’ डिपॉझिटवरून माणसाकडे रोख किती आहे तेवढं कळतं. आधीच्या घरमालकाला एक फोन करा, त्यातून जास्त कळेल.

‘११ महिन्यांचा करार, नोटरी पुरे.’ या समजुतीला मूळ आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून ११ महिने रूढ झाले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसेन्स करार (११ महिन्यांचा करार बहुधा याच प्रकारचा असतो) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चूक केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोंदणीकृत करार असेल तर मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट भाड्याची भरपाईही मागता येते.

खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. भाडं २५ हजार, डिपॉझिट १ लाख असेल तर ११ महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के वार्षिक व्याज मिळून सातशे दहाच्या आतबाहेर. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. करारासोबत पंखे, गिझर, नळ, ट्रॉल्या यांची यादी जोडा, प्रत्येकाची अवस्था लिहा, आणि किल्ली देताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.