फीत कापली, किल्ली कुठाय?

आमच्या कॉलेजातल्या एआय लॅबची फीत कापून आठ महिने झाले. मशीनवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. किल्ली हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये, आणि भाऊसाहेब रजेवर. मी पोरांना न्यूरल नेटवर्क शिकवतो ते फळ्यावर, खडूने. (खडूही परवा मीच विकत आणला.)

तिकडे दिल्लीत मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला १०,३७२ कोटी मंजूर. २०१३ साली राज्यांतल्या कॉलेज-विद्यापीठांना निधी देणारं केंद्राचं रूसा अभियान आलं, २०२३ला त्याचंच पीएम-उषा झालं. बारशी दोन झाली, पाळणा कोण हलवतंय? निधी मशीनला लगेच मिळतो, कारण मशीनसोबत फोटो निघतो. शिकवणारे आम्ही सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे! तासावर पैसे, तेही बिल पास झालं तर. दिवाळीचं मानधन शिमग्याला हातात. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे तेही नाही. मग बरा प्रोग्रॅमर पुण्यातली कंपनी सोडून इथे कशाला झक मारायला येईल?

आणि आज, निधी वापरल्याचा दाखला द्यायचा म्हणून, प्राचार्यांचा मेसेज: "सर, युटिलायझेशन सर्टिफिकेटसोबत जोडायचे आहेत, लॅबमध्ये विद्यार्थी बसलेले चार फोटो ३१ मार्चच्या आत पाठवा."

अहो, आधी दार तरी उघडा!