खरं बोलायचा हप्ता

आमच्या घरात आजवर आरोग्य विमा नव्हता, अंबाबाई होती. शिवाय उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात मी एकतीस वर्षं हिशेब लिहितोय, तिथले शेठ दर दिवाळीला म्हणायचे, "काय लागलं-सवरलं तर आम्ही हाय की!" या तोंडी पॉलिसीवर मी निवांत होतो. मग गेल्या उन्हाळ्यात शेठनी चिरंजीवांना खुर्चीवर बसवलं आणि चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी मला 'अंकल' म्हटलं. वय ५८. शेठची पॉलिसी बंद पडल्याचं मला तिथंच कळलं.

विमा विकणारा शोधावा लागत नाही, तो नात्यातच असतो. आमच्या थोरल्या बहिणीचा पप्या आधी मोबाईल विकायचा, मग प्लॉट, आता विमा. श्रावणातल्या एका रविवारी तो सात माहितीपत्रकं घेऊन आला. प्रत्येकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं खदखदून हसत होतं. दोघांचे मिळून चौसष्ट दात शाबूत. एवढी धडधाकट माणसं असताना यांना विमा कशाला लागतोय, हा माझा पहिला प्रश्न पप्यानं ऐकलाच नाही.

"मामा, फ्लोटर घ्या. दोघांत मिळून १० लाख. हप्ता थोरल्याच्या वयावर बसतो."

"म्हणजे ह्यांच्या वयाचा भुर्दंड मी पण सोसायचा?" ही म्हणाली. ही ५४ ची. याच चार वर्षांच्या अंतराला लग्नात तिच्या वडिलांनी 'अगदी योग्य' म्हटलं होतं.

मग पप्यानं स्वस्तातली एक पॉलिसी काढली. ५ लाखांची, खोलीचं भाडं दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० पर्यंत. ही म्हणाली, त्यात काय, वरचे दोन हजार आपण घालू आणि सात हजारांची मोठी खोली घेऊ. तिचं बरोबर होतं. कोल्हापुरात माणूस दवाखान्यात पडला की गल्ली, तालीम आणि दोन्हीकडचे पाव्हणे डबे घेऊन येतात. ते बसणार कुठं? पण हिशेब तसा नसतो. सात हजारांची खोली घेतली की औषधं वगैरे सोडून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, सगळ्यालाच त्या प्रमाणात कात्री. सात रुपयांतले पाच कंपनी देणार, दोन आपले. म्हणजे पाव्हण्यांना टेकायला जागा केली म्हणून ऑपरेशन महागणार. एकतीस वर्षांत असली नोंद मी कुठल्या खात्यात बघितली नव्हती.

को-पे मला समजला, तो हिला समजावताना मी भाकरीवर आलो. "बघ, खानावळीत पाच भाकऱ्या खाल्ल्या तर चार कंपनीच्या, एक आपल्या पदरची. हा २० टक्के को-पे."

"आणि रस्सा?"

"रस्सा पॉलिसीत बसत नाही."

"मग काय उपयोग," म्हणून तिनं ते माहितीपत्रक बाजूला टाकलं. पुढं मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांना दोन वर्षं थांबायचं आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन, हे ऐकल्यावर तिनं साडीवरूनच गुडघा चोळला. "जोतिबाच्या पायऱ्यांवर हा मला दोन मिनिटं थांबू देत नाही, दोन वर्षं थांबतोय होय!"

समोरच्या आबांना यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. ते ७४ चे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळायला लागलं ऑक्टोबर २०२४ पासून, ते आबा तालमीच्या कट्ट्यावर पत्त्यातल्या एक्क्यासारखं काढून दाखवतात. मला अजून बारा वर्षं आहेत. तोवर काय करायचं, याचं पत्रक कुणी काढलेलं नाही.

"गणपती होऊ देत, मग बघू," म्हणून मी विषय लांबवला. आयुष्यात पहिल्यांदा आळस नफ्यात गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. ४८,००० च्या हप्त्यामागं ८,६४० वाचले. दसऱ्यानंतर मी पप्याला स्वतः फोन करून बोलावलं.

फॉर्म भरायला बसलो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, दमा, कशाची औषधं चालू आहेत का?

"सगळीकडं 'नाही' मारतो मामा," पप्या पेन सरसावून म्हणाला. "पाच वर्षं सलग रेटली की मागचं काढून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही."

"फसवणूक सिद्ध झाली तर?"

"तेवढं सोडून."

तेवढं सोडून! सही माझी होती, पप्याची नव्हती. मी घसा खाकरला. "बीपीची गोळी आहे. दोन वर्षं झाली."

घरात पंख्याचा आवाज मोठा झाला. कधीपासून, का लपवलं, यातलं हिनं काही विचारलं नाही. विचारलं, "ठेवता कुठं?"

"स्कूटरच्या डिकीत. पाने-पकडीच्या पिशवीत."

ही उठून आत गेली. लाटणं येतंय का काय, म्हणून पप्यानं कागद आवरले. ती मेतकुटाचा डबा घेऊन आली. झाकण काढलं, मेतकुटाच्या पुडीखालून एक बाटली काढली आणि फॉर्मवर ठेवली. "थायरॉईड. चार वर्षं. तुमच्या जीवाला घोर नको म्हणून बोललो नाही."

चार वर्षं रोज सकाळी मी दोन कप चहा ओतायचो आणि ही म्हणायची, "तुम्ही घ्या, मी देवाचं आटपून घेतो." मला वाटायचं, वय झालं, बायको देवाला लागली. माझ्या वाटणीचं पुण्यही परस्पर जमा होतंय म्हणून मी खुशीत होतो. गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि चहा अर्ध्या तासानं, हे आता कळलं.

पप्यानं गुपचूप दोन ठिकाणी 'होय' लिहिलं.

चार दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पुण्याकडचा आवाज. माझी उलटतपासणी संपली, मी फोन हिच्याकडं दिला.

"मी रोज पहाटे उठतो, रंकाळ्यावर फिरायला जातो," ही सांगायला लागली.

"हो, पण मला मॅडमशी बोलायचंय. त्यांना फोन देता का?"

"बोलतोय की!"

"सर, प्लीज मॅडमना द्या."

कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, हे मला फोन ओढून घेऊन सांगावं लागलं. फॉर्मात त्याला रकाना नव्हता, तरी बाईंनी कुठंतरी काहीतरी टिपून घेतलंच.

दोघांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि कंपनीनं कळवलं: पॉलिसी मंजूर, हप्ता १५ टक्क्यांनी वाढीव. ७,२०० रुपये. सरकारनं सोडलेले ८,६४०, खरं बोलण्यात गेलेले ७,२००. निव्वळ शिल्लक १,४४०. पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते म्हटल्यावर ही हरखली, कारण महाद्वार रोडवर साडी बदलून घ्यायला गेलं तरी दुकानदार ओळख दाखवत नाही. पण त्याच पहिल्या ३० दिवसांत आजारी पडलं तर क्लेम मिळत नाही. अपघात तेवढा चालतो. हिनं कॅलेंडरवर खुणा केल्यात. काल मी दोनदा शिंकलो, तर म्हणाली, "अजून अकरा दिवस हाईत. दम धरा."

आता माझ्या गोळ्यांची पाकिटं तिच्या बाटलीशेजारी फळीवर उघडी असतात. चहा अर्धा तास उशिरा होतो, दोघांचा एकदमच. स्कूटरची डिकी रिकामी झाली, म्हणून तिथं मी घट्ट झाकणाचा डबा ठेवलाय. बुधवारी मित्राच्या घरचा पांढरा रस्सा त्यातनं कारखान्यात येतो. फॉर्मात तंबाखू विचारली होती, दारू विचारली होती. रश्श्याचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

फळीवर मेतकुटाच्या डब्यामागं लोणच्याची एक जुनी बरणी आहे. ही तिला मला हात लावू देत नाही. मीही लावत नाही.