स्टॅटिक लावलं, एरर गेला. पण गुण कोणाचे?

‘जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत एका क्लासमधून (म्हणजे ऑब्जेक्ट बनवायच्या साच्यातून) दुसऱ्या क्लासची मेथड, म्हणजे काम करणारा कोडचा तुकडा, कशी बोलवायची’ यावर एक मेसेज जोरात फिरतोय. सल्ले चार: मेथड स्टॅटिक करा (एकेका ऑब्जेक्टची न ठेवता अख्ख्या क्लासची करा), नाहीतर हवं तिथे न्यू करा (नवा ऑब्जेक्ट बनवा), नाहीतर एक्स्टेंड्स लावा (एका क्लासला दुसऱ्याचा वारस करा), आणि ऑब्जेक्ट पास करू नका, त्याची अख्खी कॉपी होते. भाचीने तो मला पाठवून विचारलं, "मामा, सगळंच स्टॅटिक करून टाकू?" नको गं बाई!

पहिला सल्ला सगळ्यांत घातक. समजा खेळाडू क्लासमध्ये गुण हे फील्ड (आकडा साठवायची जागा) आणि ते वाढवणारी गुणवाढव() मेथड आहे. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेनमधून ती ऑब्जेक्टशिवाय, नुसत्या क्लासच्या नावाने बोलवली की कंपायलर अडतो. त्याचा प्रश्न रास्त असतो: वाढवतो, पण कोणत्या खेळाडूचे? उत्तर न देता मेथडला स्टॅटिक चिकटवलं की तिला गुण हे फील्ड वापरता येत नाही. मग फील्डही स्टॅटिक. एरर गेला, टाळ्या! आता खेळाडूचे दोन ऑब्जेक्ट बनवा, एकाला 10 गुण द्या, दुसऱ्याला 20. दोघांपुढेही 30 छापून येतात. जावा लँग्वेज स्पेसिफिकेशनचं कलम 8.3.1.1 उघडून बघा: ऑब्जेक्ट कितीही असोत, अगदी एकही नसो, स्टॅटिक फील्ड एकच असतं. एरर निदान दिसतो तरी. हा घोळ गुपचूप चालत राहतो.

मॅथ.मॅक्स() स्टॅटिक आहे, हे कबूल. पण तिला काही लक्षात ठेवायचं नसतं. दोन आकडे घेतले, मोठा परत दिला.

न्यूचंही तेच. खेळाडू मेनमध्ये बनवलाय आणि सामना क्लासमध्ये पुन्हा न्यू खेळाडू() करून गुण वाढवले, तर वाढतात ते भलत्याचेच, मेनमधला शून्यावरच. सामनाच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडला) तोच ऑब्जेक्ट द्या, फील्डमध्ये ठेवा आणि खेळाडू.गुणवाढव(10) लिहा. झालं काम.

अख्ख्या कॉपीची भीती तर निव्वळ थाप. कॉपी होते ती रेफरन्सची, म्हणजे ऑब्जेक्टच्या पत्त्यासारख्या खुणेची. लाख नोंदींची अ‍ॅरेलिस्ट पाठवली तरी पलीकडे एक रेफरन्सच पोचतो.

राहिला एक्स्टेंड्स. सामना हा काय खेळाडूचा प्रकार आहे? एका मेथडसाठी नातं जोडलं की नको त्या मेथडही घरात येतात. जावाच्या लायब्ररीतच स्टॅक (फक्त वरूनच ठेवायचा-काढायचा ढीग) हा व्हेक्टरला (कुठेही वस्तू घालता येणाऱ्या यादीला) एक्स्टेंड करतो, म्हणून आजही अ‍ॅड(0, ...) लिहून स्टॅकच्या तळाशी वस्तू सरकवता येते. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आता त्याऐवजी डेक (Deque) वापरा म्हणून सांगितलंय.