आधी अंदाज, मग माउस

इंजिनिअरिंगच्या वर्गात कॉम्प्युटर आला, पण बऱ्याच ठिकाणी तो फळ्याच्या जागी येऊन बसला, इतकंच. मुलं पूर्वी उतरवून घ्यायची, आता डाउनलोड करतात. याला कॉम्प्युटरच्या मदतीने शिकवणं म्हणायला माझं मन धजत नाही.

मी स्ट्रक्चर्स शिकवतो. दोन्ही टोकांना टेकलेला बीम, म्हणजे आडवी तुळई, मधोमध वजन. वर्गाला विचारलं, वजन तेच ठेवून लांबी दुप्पट केली तर बीम किती वाकेल? सूत्र सगळ्यांना पाठ, त्यात लांबीचा घन आहे हेही पाठ. तरी बहुतेकांनी लिहिलं, 'दुप्पट'. मग म्हटलं, आता कॉम्प्युटरवरचा लांबीचा स्लायडर सरकवा. आकडा आठपट! एका मुलीने तो तीनदा मागेपुढे केला, मग मी न सांगताच बीमची उंचीही, म्हणजे उभी जाडी, दुप्पट केली. वाकणं पुन्हा होतं तिथे आलं. उंचीचाही घनच असतो, हे तिचं तिला सापडलं.

स्लायडर आधी दिला असता, तर सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या असत्या. स्वतःच्या हाताने लिहिलेलं उत्तर डोळ्यांदेखत चुकतं, तेव्हाच डोकं हलतं. आणि ते लगेच कळायला हवं. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या, कॉम्प्युटरवरून शिकवणाऱ्या 'प्लेटो' यंत्रणेत विद्यार्थ्याने उत्तर दिलं की ते बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळायचं. आमच्या असाइनमेंट आजही तीन आठवड्यांनी परत मिळतात. तोवर आपण नेमका काय विचार केला होता, हे कोणाला आठवतंय?

दुसरी बाजूही तितक्याच कळकळीने सांगतो. एका विद्यार्थ्याने प्रोजेक्टचं सुंदर रंगीत चित्र आणलं. आठ मीटरचा बीम, वाकणं चार मीटर! बाकी सगळं न्यूटन-मिलिमीटरमध्ये, पण स्टीलचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचा आकडा, २,००,००० ऐवजी नुसता २०० भरलेला. सॉफ्टवेअर चित्राचं प्रमाण आपोआप जुळवून घेतं, त्यामुळे नजरेला काहीच खटकलं नाही. आकडा छापलेला होता, तो वाचलाच नव्हता.

म्हणून या सत्रापासून माझ्या लॅबमध्ये नियम केलाय: ढोबळ उत्तर आधी कागदावर, त्यावर माझी सही, मगच कॉम्प्युटर सुरू. पहिल्या दिवशी कुरकुर झाली. सह्या करण्यात माझा अर्धा तास जातो, तो मी आनंदाने देतो. इतर शाखांच्या शिक्षकांनो, 'दुप्पट की आठपट' सारखे तुमच्या विषयातले प्रश्न खाली लिहा. मला ते खरंच हवे आहेत.